सांधा कुठं लपवलाय?

पहिल्या दिवशी मला ते चित्र आवडलंच नाही, हे आधीच सांगून टाकते. इटलीत फ्लॉरेन्सला पोचले, स्टेशनातून बाहेर पडले तर समोरच सांता मारिया नोव्हेला चर्च, स्टेशनचं नावही तेच. म्हटलं बॅग हॉटेलवर टाकून पहिलं तेच उरकू. तिकीट काढलं, जुन्या कबरस्तानाच्या बाजूच्या दारातून आत गेले, आणि समोरच्या भिंतीवर मसाच्चो या चित्रकाराची 'त्रिनिता', म्हणजे पवित्र त्रयी. जवळजवळ साडेसहा मीटर उंच, तीन मीटरच्या वर रुंद. मी अगदी जवळ जाऊन दोरीला पोट लावून उभी राहिले आणि मान वर केली. वरची कमान कशीतरीच ताणल्यासारखी दिसत होती, माणसं चपटी, बाजूचे रंग उडालेले, ठिकठिकाणी ठिगळं. मनात म्हटलं, हेच का ते? ज्याच्यासाठी आर्ट हिस्टरीवाले एवढं कौतुक करतात?

एक फोटो काढला आणि सवयीने आण्णांना व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. आण्णा म्हणजे माझे वडील, मिरजेजवळच्या गावात राहतात, चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. आता परांचीवर चढत नाहीत, पण कुणाच्या घराचा गिलावा चालू असला की खुर्ची टाकून समोर बसतात आणि पोरांना बोलत राहतात. मी पुण्यात इंटिरियरच्या साइट बघते, त्यामुळे आमचं बापलेकीचं बोलणं निम्मं भिंतींबद्दलच असतं. फोटोवर खाली लिहिलं, "आण्णा, हे ओल्या गिलाव्यावर काढलेलं चित्र आहे, सहाशे वर्षं झाली." अर्ध्या तासाने व्हॉइस मेसेज आला. चित्रात कोण आहे, देव कुठला, काही नाही. एकच प्रश्न. "ओल्या गिलाव्यावर म्हणतीस, मग एवढी भिंत एका दिवसात झाली न्हवं. सांधा कुठं लपवलाय?"

मी कॉफी पित बसले होते, तिथंच हसायला आलं. मग हसू गेलं, कारण प्रश्न बरोबर होता आणि मी तो स्वतःला विचारलाच नव्हता.

ज्यांनी कधी साइटवर उभं राहून गिलावा बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मोठी भिंत एका दमात होत नाही. संध्याकाळी काम थांबलं की कडेला माल कापून ठेवतात, दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. तो जोड म्हणजे सांधा. कच्चा गवंडी असला तर रंग दिल्यावरही तो सांधा बाजूने ऊन पडलं की दिसतो, भिंतीच्या मधोमध आडवी रेघ, आणि घरमालक आयुष्यभर तिच्याकडे बघून शिव्या देतो. चांगला गवंडी सांधा कोपऱ्यात घेतो, बीमच्या खाली घेतो, खिडकीच्या कडेला घेतो. म्हणजे जिथे तशीही रेघ असणारच आहे तिथे.

आणि इटालियन फ्रेस्कोचं, म्हणजे ओल्या गिलाव्यावरच्या चित्रांचं, सगळं गणित याच्यावरच उभं आहे. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो, त्यात पाणी घातलं की तो फसफसून विझतो, मग तो मुरू द्यायचा. त्यात वाळू घालून भिंतीला थापायचा. तो सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि परत चुनखडी होतो, म्हणजे दगड होता तो पुन्हा दगड. ओला असताना त्यावर पाण्यात कालवलेला रंग लावला तर या दगड होण्याच्या प्रकारात रंगही आत अडकतो. डिंक नाही, सरस नाही, तेल नाही. रंग भिंतीवर बसत नाही, भिंतच होतो. पण वेळ मोजकाच, काही तासांचा. माल आटला की संपलं. म्हणून चित्रकार सकाळी तेवढाच गिलावा घालून घ्यायचा जेवढा त्या दिवशी रंगवून होईल, उरलेला संध्याकाळी तिरका कापून काढून टाकायचा. त्या एका दिवसाच्या तुकड्याला ते जोर्नाता म्हणतात. दिवसभराचं काम, आपण 'आजची हजेरी' म्हणतो ना, तसंच काहीसं. या अख्ख्या चित्रात अशा पंचवीस-एक हजेऱ्या आहेत.

चेन्निनो चेन्निनी नावाच्या चित्रकाराने १४०० च्या आसपास हे सगळं लिहून ठेवलंय, आणि ते वाचताना मला आण्णांचाच आवाज ऐकू येतो. चुना ताजा आणि जोरदार असेल तर दोन भाग वाळू, एक भाग चुना. माल भिजवून ठेवा, त्यातली आग जाऊ द्या. भिंतीला आधी भरपूर पाणी मारा, कितीही मारलं तरी जास्त होत नाही. शप्पथ, ही वाक्यं मी लहानपणी आमच्या अंगणात ऐकलीत, फक्त मधे दोन-चार शिव्या जास्त होत्या.

तर रात्री हॉटेलवर पडून मी त्या चित्राचे मोठे फोटो बघत बसले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढलं. नवरा असता तर म्हणाला असता, एकाच चर्चचं दोनदा तिकीट? सुदैवाने तो पुण्यात होता.

आधी चित्रात काय आहे ते सांगते. एक खोल कमानदार दालन आहे, वर अर्धगोल छत, त्याला चौकोनी खण पाडलेले, एक लाल एक निळा. आत क्रूसावर येशू. त्याच्या मागे, वर, देवबाप उभा, त्याने क्रूसाचा आडवा दांडा दोन्ही हातांनी पेलून धरलाय. दोघांच्या मधे पवित्र आत्म्याचं पांढरं कबुतर, पहिल्यांदा बघणाऱ्याला ते देवाच्या अंगरख्याची कॉलरच वाटते, मलाही वाटली होती. क्रूसाच्या खाली एका बाजूला येशूची आई मारिया, दुसऱ्या बाजूला संत योहान. दालनाच्या बाहेर, आपल्या बाजूच्या पायरीवर, गुडघे टेकून नवरा-बायको, ज्यांच्या घराण्याने पैसे दिले ते. आणि त्या सगळ्याच्या खाली, एका शवपेटीवर, पसरलेला सांगाडा. पुरा माणसाचा, उताणा.

हे सगळं १४२५ ते १४२८ च्या दरम्यानचं, बहुतेकजण १४२७ म्हणतात. मसाच्चो तेव्हा पंचविशीतला. खरं नाव तोम्माझो, मसाच्चो म्हणजे 'गबाळा तोम्माझो' असं काहीतरी, कपड्यांचं भान नाही, पैशाचं भान नाही. १४२८ मध्ये रोमला गेला आणि तिथेच वारला. सत्तावीसही पूर्ण झाली नव्हती.

आता सांधे. मी मोबाईलवर झूम करून करून शोधत होते. एवढ्या वर्षांत चित्राचे इतके हाल झालेत की उघड्या डोळ्यांना सगळं काही दिसत नाही, पण एकदा प्रकार कळला की नजर तिकडेच जाते. सांधे आडवे-उभे चौकोनी नाहीतच. ते माणसांच्या कडेकडेने फिरतात, खांद्यावरून, झग्याच्या कडेवरून, खांबाच्या धारेवरून. जिथे चित्रातच रेघ आहे तिथे कालचा दिवस संपतो आणि आजचा सुरू होतो. म्हणजे आण्णांच्या भाषेत खिडकीच्या कडेला घेतलेला सांधा. यात अजून एक भानगड असते, ओला रंग आणि सुकलेला रंग एकसारखा नसतो, चुना सुकला की रंग फिका पडतो. त्यामुळे काल जो निळा लावला तोच आज शेजारी लावायचा तर अंदाजानेच लावायला लागतो. एकाच भिंतीला पॅच मारून बघा म्हणजे कळेल. म्हणून एक सपाट रंग दोन दिवसांत तोडायचा नाही, रंग जिथे बदलतो तिथेच थांबायचं. कॉम्पोझिशन म्हणून आपण जे बघतो, हा माणूस इथे, तो खांब तिथे, त्यातलं किती 'सौंदर्य' आहे आणि किती 'संध्याकाळ झाली, आवरा' आहे, हे वेगळं काढता येणार नाही, आणि मला तर हेच जाम आवडलं.

मग मी रेघा शोधायला लागले. छताच्या खणांवर, खांबांवर, गिलावा ओला असताना टोकदार हत्याराने ओढलेल्या रेघा आजही आहेत, आणि ताणलेल्या दोरीचे ठसे. करायचं असं की खाली मधोमध, क्रूसाच्या पायथ्याजवळ, एक खिळा ठोकायचा, त्याला दोरी बांधायची, ती ताणून वरच्या खणाच्या कोपऱ्यापर्यंत न्यायची आणि ओल्या गिलाव्यात दाबायची. पुढचा खण, पुन्हा तीच दोरी. छताच्या आत जाणाऱ्या सगळ्या रेघा त्या एका खिळ्याला येऊन मिळतात. सुतार फळीवर सूत मारतो, आण्णा गेरूत बुडवलेली दोरी भिंतीवर टिचकावून लेव्हलची लाइन काढायचे, मी पाच-सहा वर्षांची असताना त्या दोरीचं दुसरं टोक धरायची माझी ड्यूटी असायची. "हलू नगंस," एवढंच सांगायचे. 'टप्' आवाज यायचा आणि भिंतीवर लाल रेघ उमटायची, मला ती जादू वाटायची.

याच्या खालच्या थरावर, म्हणजे खरबरीत गिलाव्यावर, कच्चं ड्रॉइंग करायची पद्धत होती, तेही तांबड्या मातीने, आपला गेरूच म्हणा. त्यावर रोजचा गुळगुळीत थर घालत जायचं, म्हणजे आपलंच ड्रॉइंग रोज थोडं थोडं झाकत जायचं आणि आठवणीने पुन्हा काढायचं. मारियाच्या डोक्यावर तर चौकटी कोरलेल्या आहेत, छोट्या कागदावरचा चेहरा मापात मोठा करण्यासाठी. कोल्हापुरातले सिनेमाचे बॅनर रंगवणारे पेंटर चौकटी पाडून हिरोचा चेहरा वीस फूट करायचे ना, एक्झॅक्टली तेच. फक्त मारिया हिरॉइनसारखी नाही. ती म्हातारी आहे, चेहरा थकलेला, दगडी. सगळ्या चित्रात ती एकटीच आपल्याकडे बघते आणि एक हात मुलाकडे करून दाखवते. रडत नाही. 'बघा', एवढंच. मला तो हात येशूपेक्षा जास्त वेळ बघावासा वाटला.

रंगांची वाटणीही बघण्यासारखी आहे, आणि ही मला तिसऱ्यांदा बघताना कळली. बाहेर डावीकडे नवरा लाल, त्याच्या आत मारिया निळी. उजवीकडे आत योहान लाल, बाहेर बायको निळी. म्हणजे आडवीतिडवी फुली. आणि वर देवबापाच्या अंगावर लालही आणि निळाही, छतालाही लाल-निळे खण. एवढ्या मोजक्या रंगांत भागवलंय, कारण ओल्या चुन्याला सगळे रंग चालतच नाहीत. माती चालते, गेरू, पिवडी, काजळी. निळा नखरे करतो, महागाचा निळा बऱ्याचदा भिंत सुकल्यावर सरसात कालवून लावायला लागायचा, आणि मग तोच आधी पडायचा. इटलीभर जुन्या भिंतींवर मारियाचा झगा काळपट किंवा टकला का दिसतो त्याचं कारण हे.

सुकल्यावर रंगवण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे मिलानमधलं लिओनार्दोचं शेवटचं भोजन, १४९५ ते १४९८. लिओनार्दोला ओल्या चुन्याची घाई नको होती, त्याला सावकाश, थांबून, परत येऊन रंगवायचं होतं, म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर काढलं. तो जिवंत असतानाच रंग सुटायला लागले. तिथेही येशूच्या कानशिलावर खिळ्याचं भोक आहे बरं का, दोरीसाठीचंच. लिओनार्दो थोर, वादच नाही, पण गिलाव्याचं ऐकायला पाहिजे होतं. आमच्याकडे क्लायंट म्हणतात, "पुट्टी सुकायच्या आत रंग मारला तर काय होतंय?" त्यांना मी मिलानचा फोटो दाखवणार आहे. उलटी चूक आहे, पण फोटो कामाचा आहे.

बरं, मसाच्चोच्या या एका खिळ्याच्या नियमात एक मोठी गडबड आहे आणि ती त्याने मुद्दाम केलीय असं माझं मत. दालन खालून बघितल्यासारखं काढलंय, छताची पोटाची बाजू दिसते. पण माणसं तशी नाहीत. देवबाप एवढ्या वर, एवढ्या मागे उभा, तो जर खरंच खालून बघितल्यासारखा काढला असता तर आपल्याला त्याची दाढी आणि नाकपुड्या दिसल्या असत्या. आणि मागे आहे म्हणजे लहानही दिसायला हवा होता. तसं काही नाही. तो सरळ, समोरासमोर, पुऱ्या मापाचा. शिवाय तो मागच्या बाजूच्या कट्ट्यावर उभा वाटतो आणि हात मात्र पुढच्या क्रूसाला पोचलेले. तो नक्की कुठे उभा आहे हे प्लॅन काढून दाखवायचा अभ्यासकांनी किती प्रयत्न केला, कुणाचंच एकमत नाही. मला वाटतं बिल्डिंगला नियम लावला आणि देवाला सूट दिली. शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला मी असं केलं असतं तर सरांनी कागद फाडला असता.

पर्स्पेक्टिव्हचं, म्हणजे सपाट भिंतीवर आत खोल जागा दाखवायचं, हे गणित ब्रुनेलेस्कीचं, तोच फ्लॉरेन्सच्या मोठ्या घुमटाचा माणूस. त्याने मसाच्चोपेक्षा थोडीच वर्षं आधी आरसा आणि भोक पाडलेली फळी घेऊन रस्त्यात उभं राहून हे सिद्ध करून दाखवलं होतं. आल्बेर्ती नावाच्या वास्तुकाराने ते १४३५ मध्ये लिहून काढलं, म्हणजे भिंत आधी झाली आणि थिअरी नंतर आली. गंमत म्हणजे याच चर्चचा दर्शनी भाग पुढे त्याच आल्बेर्तीने पूर्ण केला.

आणि हे चित्र तीनशे वर्षं गायब होतं, हे तर सांगायचंच राहिलं. १५७० च्या सुमाराला चर्चचं रिनोव्हेशन निघालं, काम होतं वाझारी या चित्रकार-वास्तुकाराकडे. याच वाझारीने आधी लिहून ठेवलं होतं की या चित्रातलं छत बघून वाटतं भिंतीला भोक पाडलंय. एवढी तारीफ करणाऱ्यानेच त्याच्या पुढ्यात दगडी वेदी उभी केली आणि वर स्वतःचं चित्र लावलं. पण चित्र फोडलं नाही, खरवडलं नाही. मला त्याच्याबद्दल उगाच आपुलकी वाटते, कारण आम्हीही हेच करतो, क्लायंटला नवीन हवं असतं, जुन्या वाड्याच्या चुन्याच्या भिंतीवर पॅनेलिंग मारायला लागतं, मग आम्ही गुपचूप मधे एक इंच जागा सोडतो. १८६० च्या सुमाराला वेदी काढली तेव्हा चित्र सापडलं. तेव्हाच्या लोकांनी वरचा भाग भिंतीतून उचलून चर्चच्या आतल्याच दुसऱ्या भिंतीवर नेऊन लावला. सांगाडा मात्र जागेवरच राहिला, झाकलेला, विसरलेला, तो १९५० च्या आसपास उघडा झाला आणि मग १९५२ मध्ये वरचा भाग परत आणून त्याच्यावर बसवला. जवळजवळ नव्वद वर्षं देव एका भिंतीवर आणि हाडं दुसऱ्या भिंतीत.

इटालियन लोकांच्या भिंती सांभाळण्याच्या कौशल्याचा आपल्यालाही अनुभव आहे म्हणा. १९२० ते १९२२ मध्ये निजामाच्या सरकारने अजिंठ्याची चित्रं वाचवायला इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी अशा दोघांना बोलावलं होतं. त्यांनी सुटत आलेला गिलावा धरून ठेवला हे मोठंच काम, पण वर शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, हात दिला आणि तो पुढे पिवळा पडत गेला. अजिंठा हा फ्रेस्को नव्हेच, माती, भुसा, तंतूंचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात आणि सुकल्यावर डिंकातले रंग. त्याची तब्येत वेगळी. मी आण्णांना अजिंठ्याला नेलं होतं तेव्हा तेही चित्रं सोडून खपली निघालेल्या जागाच बघत होते.

तर आता मुद्द्याचं. मला पहिल्या दिवशी चित्र का आवडलं नाही? कारण मी चुकीच्या जागी उभी होते. तो खिळा, म्हणजे जिथे सगळ्या रेघा मिळतात तो बिंदू, जमिनीपासून साधारण पावणेदोन मीटरवर आहे, गुडघे टेकलेल्या नवरा-बायकोच्या पायरीच्या जरासा खाली. बघणाऱ्याचा डोळा त्या उंचीवर आला पाहिजे, आणि तो भरपूर मागे पाहिजे. माझी उंची पाच फूट एक इंच. टाचा उंच केल्या तरी डोळे तिथे पोचत नाहीत. म्हणजे हे चित्र ज्या माणसाला समोर धरून काढलंय तो मी नाही, चांगला सहा फुटी गडी आहे.

आमच्या घरात सहा फुटी एकच, आण्णा.

व्हिडिओ कॉल लावला. इकडे सकाळचे अकरा, तिकडे दुपारचे साडेतीन, झोप होऊन चहा चाललेला. कुजबुजत म्हटलं, "आण्णा, बोलू नका, नुसतं बघा." मागे मागे सरकत दाराच्या बाजूला गेले, बाकाला धडकले, कॅमेरा फिरवला आणि हात डोक्याच्या वर ताणून मोबाईल धरला. तिथला माणूस माझ्याकडे बघायला लागला. फ्लॅश नाही म्हणून खुणेने दाखवलं.

"अजून मागं," आण्णा म्हणाले. सरकले. "उजव्या हाताला. हां. जरा खाली. जरासंच." त्यांचा तो परांचीवरून बिगाऱ्याला सांगायचा आवाज. माझा हात भरून आला होता. मला स्क्रीन दिसत नव्हती, मी नुसती ऐकत होते.

"हां, थांब. हलू नगंस."

मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"आत गेली की गं भिंत," ते म्हणाले. आणि मग, "खाली कोण झोपलंय?"

मी सांगितलं सांगाडा आहे, आणि वर ओळ लिहिलीय त्याचा अर्थ सांगितला, की तुम्ही आहात तसा मी पण होतो, आणि मी आहे तसे तुम्ही पण होणार. आण्णा 'हं' म्हणाले. मागून आईचा आवाज आला, कुणाशी बोलताय. "पोरगी हाय, चर्चमधनं." मग मला म्हणाले, "बरं, ठेवतो. शेजारच्यांच्या कंपाउंडचा गिलावा काल झालाय, आज तिघंबी पोरं जत्रंला गेल्यात. पाणी मारून येतो."